बोटांवरचा लाल डाग

1908च्या एप्रिल महिन्यात इटलीतल्या काप्री बेटावर, लेखक मॅक्सिम गॉर्कीच्या बिऱ्हाडी, बुद्धिबळाचा पट मांडला गेला. एका बाजूला गोल हॅट घातलेला लेनिन, दुसऱ्या बाजूला अलेक्सांद्र बोग्दानोव्ह आणि शेजारी हनुवटीवर हात ठेवून बघत बसलेला गॉर्की. या डावाचे फोटो पुढे जगभर छापले गेले. लेनिन हरला की लहान मुलासारखा रुसायचा, असं गॉर्कीने आठवणींत लिहून ठेवलंय. खरा डाव मात्र पटाबाहेर चालला होता. दोघेही बोल्शेविक, दोघेही नेतृत्वाचे दावेदार. पुढच्याच वर्षी लेनिनने बोग्दानोव्हला गटातून काढलं आणि त्याच्या तत्त्वज्ञानाचा समाचार घेणारा एक जाडजूड ग्रंथही छापला.

बोग्दानोव्ह पेशाने डॉक्टर. 1905ची क्रांती फसली होती, कार्यकर्ते तुरुंगात किंवा परदेशात पांगले होते, आणि या गृहस्थाने 1908मध्ये कादंबरी लिहिली ती मंगळावरची. नाव ‘लाल तारा’. मंगळावर साम्यवाद येऊन जुना झाला आहे. पैसा नाही, पोलीस नाहीत. कोणत्या कारखान्यात किती हात कमी पडताहेत याचे आकडे फलकांवर लागतात आणि माणसं आपणहून तिकडे वळतात. एकमेकांचं रक्त अदलाबदल करून लोक म्हातारपण लांबवतात. तिथल्या पाहुणचाराला लिओनिद नावाचा एक रशियन क्रांतिकारक नेला जातो.

इथवर ही सहलीची गोष्ट आहे. मुलांचं वसतिगृह पाहिलं, इस्पितळ पाहिलं, कारखाना पाहिला. अशा पुस्तकांत वाटाड्या बोलतो आणि पाहुणा मान डोलावतो. आपण मनातल्या मनात पानं मोजत राहतो. पण बोग्दानोव्ह डॉक्टर होता. निरोगी माणसाच्या वर्णनात गोष्ट नसते, एवढं त्याला कळत असणार. लिओनिद त्या निर्मळ जगात थकतो, त्याला झोप येईनाशी होते, भास होऊ लागतात. आणि एके दिवशी त्याच्या हाती मंगळवासीयांच्या एका गुप्त बैठकीचं ध्वनिमुद्रण लागतं.

त्या बैठकीत स्टर्नी नावाचा गणिती बोलतो आहे. मंगळावरचं अन्न काही दशकांत संपणार, नवी जमीन हवी. पृथ्वी जवळ आहे, पण तिथले लोक देशादेशांत फाटलेले, हिंसक. स्टर्नीचा हिशेब सरळ आहे: पृथ्वीवरची माणसं संपवावीत. तिथल्या समाजवाद्यांचं काय, असा प्रश्न येणार हे धरून तो आधीच उत्तर देतो. समाजवाद आला तरी दोनचार देशांत येईल, चहूबाजूंनी शत्रू असतील, आणि त्या वेढ्यात राहून राहून त्याचं रूपच बिघडून जाईल. हे 1908 सालचं लिखाण आहे, रशियन क्रांतीच्या 9 वर्षं आधीचं! शिवाय हे भाकीत लेखकाने कोणाच्या तोंडी घातलं, तर अख्खी मानवजात पुसून टाका म्हणणाऱ्याच्या.

बैठकीत स्टर्नीचा पराभव होतो. नेत्ती ही डॉक्टर त्याला खोडून काढते. पण ते ऐकून लिओनिदचं डोकं फिरलेलं असतं. तो जाऊन स्टर्नीचा खून करतो आणि पृथ्वीवर, वेड्यांच्या इस्पितळात, परत धाडला जातो.

रामराज्याच्या गोष्टीतही परटाचं बोलणं येतं आणि सीता वनात जाते. त्याशिवाय उत्तरकांड उभंच राहत नाही. बोग्दानोव्हलाही असा परीट लागला. मात्र त्याने सगळा मळ पाहुण्याच्या अंगावर ढकलला, असं एकदा वाचून वाटतं. दुसऱ्यांदा वाचताना स्टर्नी अधिक छळतो. तो वेडा नाही, दुष्ट नाही, आजारी तर नाहीच. तो त्या जगाचा आदर्श नागरिक आहे आणि गणितात चुकलेला नाही.

क्रांतीनंतरही बोग्दानोव्ह पक्षीय राजकारणाबाहेरच राहिला. 1926मध्ये मॉस्कोत त्याने रक्तसंक्रमणाची संस्था उभी केली, एका धनिक व्यापाऱ्याच्या जुन्या हवेलीत. कादंबरीतल्या रक्ताच्या अदलाबदलीचा प्रयोग तो स्वतःवर करू लागला. 1928च्या वसंतात त्याने एका विद्यार्थ्याशी रक्त बदललं. मुलाला क्षय आणि मलेरिया होऊन गेलेला होता. दोघांनाही प्रतिक्रिया आली. मुलगा वाचला. बोग्दानोव्ह 7 एप्रिलला गेला.

यानंतरची पंचवीसेक वर्षं या लेखापुरती भरभर उलटावी लागतात, कारण त्या काळात आदर्श भविष्य लिहिणंच धोक्याचं झालं. अशा भविष्याची काळी बाजू दाखवणारी झाम्यातिनची ‘आम्ही’ ही कादंबरी सोव्हिएत संघात 1988पर्यंत छापली गेली नाही. विज्ञानकथाकारांना सांगण्यात आलं की नेम जवळचा धरा: पुढच्या पंचवार्षिक योजनेतलं नवं यंत्र, नवा ट्रॅक्टर, फार तर नवी पाणबुडी. त्याच्या जोडीला ‘संघर्षशून्यते’चा सिद्धान्त आला. आपल्या समाजात वर्गशत्रू उरला नाही, म्हणून गोष्टीत झगडा असलाच तर तो चांगल्याचा अधिक चांगल्याशी. त्या काळची नाटकं आणि कादंबऱ्या या नियमाने इतक्या निर्जीव झाल्या की 1952मध्ये खुद्द पक्षाच्या मुखपत्राला, ‘प्रावदा’ला, त्याविरुद्ध लिहावं लागलं.

ही कोंडी फोडली ती हाडं उकरणाऱ्या माणसाने. इव्हान येफ्रेमोव्ह पुराजीवशास्त्रज्ञ होता. 1946 ते 1949 या काळात त्याने गोबीच्या वाळवंटात मोहिमा नेल्या आणि डायनोसॉरचे सांगाडे ट्रकांवर लादून आणले. मेलेल्या प्राण्याचं जीवाश्मात रूपांतर कसं होतं, या अभ्यासाची एक शाखाच त्याने सुरू केली. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात वावरणाऱ्याला हजारो वर्षं पुढे उडी मारणं जड नव्हतं. 1957मध्ये ‘तेख्निका मोलोद्योझी’ या तरुणांच्या मासिकात त्याची ‘देवयानी तेजोमेघ’ क्रमशः येऊ लागली. आपल्याकडच्या वाचकांना ती ‘अँड्रोमेडा’ म्हणून माहीत. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला स्पुटनिक वर गेला.

मुंबई-पुण्यात सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं भरत तेव्हाच्या वाचकांना हे पुस्तक आठवेल. मीर, प्रोग्रेस, रादुगा ही प्रकाशनांची नावं, कापडी बांधणी, आणि किंमत अशी की कॉलेजच्या पोरालाही परवडावी. पेरेलमनच्या भौतिकशास्त्राशेजारी ‘अँड्रोमेडा’ असायचं. माझ्यासारख्याने ते तारकायानासाठी उचललं आणि पन्नासाव्या पानावर जांभया दिल्या, हेही कबूल करतो. येफ्रेमोव्हची माणसं बोलत नाहीत, व्याख्यान देतात. सगळी उंच, सुडौल, सगळ्यांना चार शास्त्रं अवगत. शाळा संपली की मुलांनी हर्क्युलिससारखी बारा कठीण कामं करून दाखवायची असतात. एका नर्तकीचं नाव तर चारा नांदी. मराठी वाचकाला पडदा वर जायची वाट पाहावीशी वाटते.

पडदा वर जातो तो म्वेन मास या आफ्रिकी वंशाच्या शास्त्रज्ञामुळे. बाह्यकेंद्रांचा प्रमुख म्हणून दूरच्या तारामंडळांशी चालणारा संवाद त्याच्या हाती असतो. एक निरोप जायला आणि उत्तर यायला पिढ्या लागतात. म्वेन मासला हे सोसवत नाही. रेन बोझ या भौतिकज्ञाला हाताशी धरून, वरिष्ठांची परवानगी न घेता, तिबेटच्या पठारावर तो अंतरच नाहीसं करण्याचा प्रयोग करतो. क्षणभर त्याला दूरचा ग्रह दिसतो, किंवा दिसल्याचा भास होतो. मग स्फोट. रेन बोझ मरणाच्या दारात, अवकाशातला एक उपग्रह उद्ध्वस्त, त्यावरचे चार स्वयंसेवक ठार.

इथे येफ्रेमोव्हने जे केलं ते मला अजून भारी वाटतं. त्याने खलनायक आणला नाही. म्वेन मासचा दोष त्याच्या सद्गुणाला लागूनच आहे: ज्ञानाची अधीरता. आणि या माणसाने आता कुठे जावं, याची सोय त्या परिपूर्ण जगात आधीच करून ठेवली आहे. ‘विस्मृतीचं बेट’ नावाची एक जागा आहे. ज्यांना शिस्तीचं, कर्तव्याचं जग झेपत नाही ते तिथे जुन्या पद्धतीने राहतात. शेती करतात, गुरं राखतात, भांडतात. म्वेन मास न्यायाची वाट न पाहता स्वतःच तिकडे निघून जातो. तिथे त्याला असाच, प्रयोगात माणसं गमावून आलेला एक जुना गणिती भेटतो. त्याचं नाव बेट लॉन, हा योगायोग फक्त मराठीतच हसवतो.

पुढे सभा बसते, म्वेन मास सगळा दोष स्वतःवर घेतो आणि त्याला सौम्यपणे वागवलं जातं. पण ते बेट नकाशावर राहतंच. आदर्श जगाच्या रचनाकाराने चुकणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवली. त्या काळच्या रशियन वाचकाला बेट म्हटल्यावर दुसरी कोणती बेटं आठवली असतील, हे येफ्रेमोव्हला कळत नसेल असं मानणं अवघड आहे.

आता दोन भाऊ. अर्कादी स्त्रुगात्स्की 1925चा, बोरिस 1933चा. लेनिनग्राडच्या वेढ्यात भुकेने शहर मरत असताना 1942च्या हिवाळ्यात वडील अर्कादीला घेऊन गोठलेल्या लादोगा सरोवरावरून बाहेर पडले. वडील वाटेत वोलोग्दाला वारले, अर्कादी जगला. बोरिस आईबरोबर शहरातच राहिला. मोठा पुढे लष्करात जपानीचा दुभाषा झाला, धाकटा पुल्कोव्हो वेधशाळेत खगोलज्ञ. एक मॉस्कोत, दुसरा लेनिनग्राडला. लिहायला एकत्र बसायचे. एक टाइपरायटरवर, दुसरा खोलीत येरझाऱ्या घालत, आणि एकेक वाक्य मोठ्याने बोलून, भांडून पक्कं व्हायचं.

येफ्रेमोव्हच्या पुस्तकाने दोघे भारावले होते, पण त्याची संगमरवरी माणसं त्यांना नको होती. आपल्याला स्वतःला राहायला आवडेल असं जग लिहायचं आणि त्यात आपले मित्र नेऊन बसवायचे, इतकी साधी कल्पना. 1962च्या ‘मध्यान्ह, 22वं शतक’मध्ये माणसं विनोद करतात, आळस करतात, प्रेमात फजीत होतात. या जगातला सगळ्यात मानाचा पेशा शिक्षकाचा. प्रत्येक मुलातला एकमेव गुण ओळखणं, हे तिथलं सर्वोच्च शास्त्र.

मग ही भली माणसं अडचणीत येऊ लागली. 1963च्या ‘दूरचं इंद्रधनुष्य’मध्ये एका ग्रहावर भौतिकज्ञांचा प्रयोग हाताबाहेर जातो, दोन्ही ध्रुवांकडून विनाशाची लाट येते, आणि यान एकच. कप्तान गोर्बोव्स्की ते मुलांना देतो आणि स्वतः किनाऱ्यावर थांबतो. हा या जगाचा उजळ चेहरा. पण त्याच कादंबरीत रॉबर्ट नावाचा तरुण मुलांना मागे टाकून आपल्या प्रेयसीला, तान्याला, तेवढं उचलून नेतो. ती त्याला क्षमा करणार नाही, हे ठाऊक असूनही. (गोर्बोव्स्की पुढच्या कादंबऱ्यांत खुशाल जिवंत वावरतो. कसा वाचला, याचा खुलासा त्या कादंबऱ्यांत नाही.)

त्याच सुमारास दोघांच्या डोक्यात एक मजेदार साहसकथा घोळत होती. ‘तीन शिलेदार’च्या धर्तीची: तलवारी, टोप्या, दारूचे गुत्ते आणि पृथ्वीवरून गेलेला एक वेषांतरित हेर. पण 1 डिसेंबर 1962ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह मॉस्कोच्या मानेझ सभागृहात चित्रप्रदर्शन बघायला गेला आणि नव्या चित्रकारांवर अद्वातद्वा ओरडला. पुढचे काही महिने लेखक-कलावंतांच्या सभा बोलावून दमबाजी चालली. स्टालिन गेला, बर्फ वितळला, असं मानणाऱ्या पिढीला कळलं की कलेचा न्याय अजूनही अडाणी माणसाच्या आवाजात होतो. बोरिसने पुढे लिहिलंय की त्यानंतर हसती-खेळती कादंबरी लिहिणं शक्यच राहिलं नाही.

जे लिहून झालं ते ‘देव होणं कठीण’, 1964. अर्कानार हे एका दूरच्या ग्रहावरचं मध्ययुगीन राज्य. पृथ्वीच्या प्रायोगिक इतिहास संस्थेचा अंतोन तिथे डॉन रुमाता या सरदाराच्या वेषात राहतो. त्याने बघायचं, नोंदवायचं, जमल्यास एखाद्या विद्वानाला सीमेपार काढायचं. मारायचं मात्र नाही, इतिहासात हात घालायचा नाही. राज्यात ज्याला वाचता येतं त्याला फासावर चढवणं चाललंय. हे घडवणारा मंत्री डॉन रेबा. हस्तलिखितात त्याचं नाव रेबिया होतं. येफ्रेमोव्हने ते वाचलं आणि सल्ला दिला की नाव बदला, फार उघडं आहे. देवनागरीतही अक्षरं उलटून बघा: रेबिया, बेरिया. स्टालिनच्या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला गोळी घातल्याला तेव्हा जेमतेम 10 वर्षं झाली होती. ज्येष्ठाने धाकट्यांसाठी एक अक्षर कमी केलं आणि पुस्तक निघालं.

रुमाता हळूहळू बिघडत जातो, आणि ते भावांनी फार जवळून दाखवलंय. त्याला नोकरावर ओरडायची सवय लागते. रस्त्यावरच्या माणसांकडे बघून किळस येते आणि त्या किळसेची भीती वाटते. बुदाख या म्हाताऱ्या वैद्याला तो विचारतो, देव भेटला तर काय मागशील? वैद्य जे जे मागेल त्याचा वाईट शेवट रुमाता दाखवून देतो, आणि अखेर वैद्य म्हणतो ते अशा अर्थाचं, की मग आम्हाला आमच्या वाटेने जाऊ दे. रुमाता कबूल करतो की तेही त्याच्याच्याने होत नाही. मग काळ्या संन्याशांची टोळी दाराशी येते आणि त्याच्या प्रेयसीला, किराला, खिडकीत बाण लागतो. तो दोन्ही तलवारी उचलतो आणि जिना उतरून दाराशी उभा राहतो.

पुढचं कत्तलीचं वर्णन पुस्तकात नाही. शेवटच्या प्रकरणात आपण थेट पृथ्वीवर, जंगलाच्या कडेला येतो. अंतोनला परत आणलंय. त्याचे बालमित्र, पाश्का आणि आंका, हलक्या आवाजात बोलताहेत. तो राजवाड्यापर्यंत कसा पोचला ते वाटेत पडलेल्या प्रेतांवरून ओळखू येत होतं, एवढंच कानावर पडतं. अंतोन झाडीतून येतो, आंकाकडे हात पुढे करतो. ती एकदम मागे सरते, कारण त्याच्या बोटांवर लाल काही आहे. तो जंगलातल्या स्ट्रॉबेरींचा रस असतो.

त्या मागे सरण्यात सगळं आहे. त्या जगात कोणी अंतोनला शिक्षा केली नाही, कोणी दोष दिला नाही. पण शतकानुशतकं निर्मळ ठेवलेल्या अंगणात आता एक असा माणूस वावरणार, ज्याच्या बोटांकडे आधी नजर जाईल. म्वेन मासला जायला बेट होतं. अंतोनला कुठेच जायचं नाही. तो घरीच आहे.

यानंतर सेन्सॉरची कात्री जवळ आली. 1969ला मासिकात आलेल्या ‘वसलेलं बेट’ या कादंबरीत पुस्तक निघेपर्यंत सुमारे 900 फेरफार झाले. नायकाचं रशियन आडनाव जाऊन काम्मेरर हे जर्मन आडनाव आलं, कारण रशियन माणूस असल्या घाणीत कसा दाखवायचा? येफ्रेमोव्हचंही बरं चाललं नव्हतं. त्याच्या ‘वृषभाची घटिका’ या कादंबरीविरुद्ध 1970मध्ये गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने, आंद्रोपोव्हने, वर टिपण पाठवलं आणि पुस्तक ग्रंथालयांतून गायब झालं. 5 ऑक्टोबर 1972ला येफ्रेमोव्ह वारला. महिनाभरात त्याच्या घराची झडती झाली. साम्यवादी भविष्याचं सगळ्यात सुंदर चित्र काढणाऱ्याच्या घरी सरकार काय शोधत होतं, ते गूढच राहिलं.

1979मध्ये मासिकातून ‘वारुळातला भुंगा’ येऊ लागली, आणि आता संशयाला जागा मध्यान्हीच्या जगात, अगदी पृथ्वीवर मिळाली. कित्येक वर्षांपूर्वी अवकाशात, कोण्या अज्ञात प्रगत जमातीने ठेवलेल्या पेटीत, 13 मानवी गर्भबीजं सापडलेली असतात. मुलं जन्माला घातली गेली, वाढवली गेली, आणि सत्य त्यांच्यापासून लपवलं गेलं. त्यांच्यातल्या लेव अबाल्किनला जनावरांचा लळा. शिक्षकांचं सर्वोच्च शास्त्र पाळलं असतं तर तो त्या कामात रमला असता. पण त्याला पृथ्वीपासून दूर ठेवायचं म्हणून हेरगिरीत ढकललं गेलं. ज्या जगाने प्रत्येक मुलाची नैसर्गिक ओढ पवित्र मानली, त्यानेच या एका मुलाच्या बाबतीत नियम मोडला. आणि कोणी मोडला? सुरक्षेची जबाबदारी वाहणाऱ्या रुडोल्फ सिकोर्स्कीने. म्हातारा, टकला, निःस्वार्थी माणूस. चाळीस वर्षं तो भीती एकट्याने वाहतोय, इतरांची झोप मोडू नये म्हणून.

अबाल्किन परवानगीशिवाय पृथ्वीवर परततो. परक्यांनी हा भुंगा सहज गंमत म्हणून वारुळात टाकला असेल, मुंग्या काय करतात ते बघायला, असं कोणी म्हणतं. सिकोर्स्कीचं म्हणणं, भुंगा नसून खुराड्यात सोडलेला मुंगसासारखा प्राणी असेल तर? शेवटी संग्रहालयात अबाल्किनचा हात त्या वस्तूकडे जातो, जिच्याशी त्याचं काय नातं आहे हे कोणालाच ठाऊक नाही, आणि सिकोर्स्की गोळ्या झाडतो. अबाल्किन खरोखर धोका होता का, ते पुस्तक सांगत नाही. निवेदक काम्मेरर दारापर्यंत धावत पोचलेला असतो, उशिरा.

इथे मला पुन्हा बोग्दानोव्हचा स्टर्नी दिसतो. तोच थंड हिशेब, तीच प्रामाणिक काळजी. फरक इतकाच की 1908मध्ये असा माणूस बैठकीत हरला होता.

अर्कादी 12 ऑक्टोबर 1991ला गेला. अडीच महिन्यांत सोव्हिएत संघही. दोघांच्या मनात मध्यान्ह मालिकेची आणखी एक कादंबरी होती, ‘पांढरी राणी’. बोरिसने ती एकट्याने लिहिली नाही. आराखडा मात्र सांगून ठेवला. काम्मेरर एका बेट-साम्राज्यात शिरतो. बाहेरच्या कड्यात समाजाचा गाळ, क्रूर, खुनशी. मधल्या कड्यात साधी, ना चांगली ना वाईट माणसं. आणि अगदी आत मोजक्या सज्जनांचं स्वच्छ, सुंदर जग, जवळपास पृथ्वीवरच्या मध्यान्हीसारखं. ज्याला जे मानवतं तिथे तो राहतो. तिथला एक मोठा अधिकारी काम्मेररकडून पृथ्वीची हकीकत ऐकतो: सगळीकडे चांगलीच माणसं, गाळाला वेगळं कडं नाहीच. ऐकून घेतो, आणि थोडा विचार करून त्याला सांगतो की असं जग आपोआप घडत नसतं, ते कोणीतरी कल्पनेने रचलेलं असणार. तुमच्या आधी, तुम्हाला न विचारता, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.